वाकडी दिसणारी शिरोरेघ

बुधवार, १९ नोव्हेंबर १९५८. चिंचपोकळी.

आज इतक्या दिवसांनी ब्रश हातात घेतला. शिरोरेघ अजून वाकडीच दिसते, मधेच फुगल्यासारखी. पाट्या रंगवून पोट भरणाऱ्याला हे दुखणं व्हावं!

सकाळी डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे पुन्हा तपासले. मी विचारलं, "जंतू आला तरी कुठून?"

त्या म्हणाल्या, "बाहेरून काही आलेलं नाही. शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून तुमच्या डोळ्यांवर उठली आहे, असं आम्हाला वाटतं. आतल्या पडद्याखाली पाणी साठलंय, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. कॉर्टिझोनने सूज उतरतेय. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका."

उतरतेय म्हणाल्या. मग घाबरायचं कशाला?

दुपारी चळवळीतला सावंत आला. त्याला मोर्चासाठी कापडी फलक हवा होता. "जमेल ना रे?" मी बेधडक हो म्हणालो. सुमती बघतच राहिली. पण बायको माझी, भांडली नाही. खडू लावलेल्या दोरीचं एक टोक तिने धरलं, दुसरं मी.

"सरळ आहे?"

"सरळ आहे. लिहा."

मला ती रेघ वाकडीच दिसत होती. पण सुमती समोर असताना डोळ्यांचं कशाला ऐकू? 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' हात कुठेही अडला नाही.

सावंतने लांब जाऊन फलक पाहिला. "पेंटर, असे आणखी दोन पाहिजेत."

मी तोंड उघडायच्या आत सुमतीच म्हणाली, "कापड पाठवून द्या, भावजी."