सतरा पुस्तकांच्या खऱ्या शेवटांविषयी

मी, मच्छिंद्र पुंजाराम शेवाळे, वय वर्षे एकावन्न, धंदा कापडदुकान, राहणार अंबड, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत असून स्मृती तर गैरसोयीची व्हावी इतकी तीक्ष्ण आहे. जालन्याच्या हकीमसाहेबांनी माझ्या हृदयास पोळ्यापर्यंतची मुदत दिली होती. ती उलटून गेली. यमदूतांस याहून अधिक ताटकळत ठेवणे शिष्टसंमत नव्हे. पत्नी निवर्तली आहे, अपत्य नाही. सबब पुढील व्यवस्था मी कोणाच्याही दडपणाविना, केवळ स्वतःच्या दुष्टबुद्धीने करीत आहे.

कलम एक. अमावास्येस औत जुंपत नाहीत, म्हणून त्या दुपारी माझ्या दुकानाच्या ओट्यावर अकरा वर्षे जे जाहीर वाचन मी केले, त्यातील सतरा ग्रंथ श्रोतृमंडळीस अर्पण. ज्यांस अक्षरओळख आहे त्यांनी आरंभी 'तांबड्या कंदिलाचा बंगला' घ्यावा: पहिल्या पानावर प्रेत, तिसऱ्यावर दुसरे, आणि मध्ये चांदण्याचे वर्णन नाही. साहसप्रेमींनी 'खलाशाचा अर्धा नकाशा' वाचावा. गोदावरीचा पूर पाहिलेल्या शहागडकरासही त्यातील वादळात मळमळेल. इतिहासाच्या भोक्त्यांनी 'किल्लेदाराची तिसरी चावी' सोडू नये. दरवाजा आतून कोणी उघडला हे कळेपर्यंत भाकर घशाखाली उतरत नाही. ही पुस्तके आपण ऐकली आहेत अशी तुमची समजूत आहे. ती निराधार आहे.

कलम दोन. दुकानासमोर बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकणारा कडूबा हा निरक्षर इसम ओट्याच्या पायरीवर बसून ऐकत असे. पहिल्याच पुस्तकात, तिसऱ्या अमावास्येस, तो म्हणाला, "मालक, खून मुनीमानं केलाय. म्हणतो नदीवरून आल्तो, अन् जोड्याला चिखल न्हाई."

खून मुनीमानेच केला होता. मला ते अखेरच्या प्रकरणापर्यंत उमगले नव्हते. माझ्या पांडित्यास हा प्रहार असह्य झाला. शेवट वाचताना मी मुनीमास निर्दोष सोडून वैद्यास फासावर दिले. छापील पानाकडे पाहत, एकही शब्द न अडखळता. मंडळी पोट धरून हसली. "कडूबा, तू आपले खूर बघ," असे कोणीसे म्हणाले.

ते पहिले धरून सोळा पुस्तकांत त्याने सोळाही वेळा खरे ओळखले, आणि सोळाही वेळा मी ग्रंथकाराचा शेवट फिरवून त्यास मूर्ख ठरविले. 'कडूबाचा अंदाज' म्हणजे हमखास खोटी गोष्ट, हा वाक्प्रचार अंबडच्या बाजारास माझी देणगी आहे.

कलम तीन. गेल्या साली माझ्या मातोश्रींच्या सोन्याच्या पाटल्या घरातून गेल्या. आळ सोनूबाईवर आला. ती कडूबाची बायको, आमच्याकडे भांडी घासत असे. कडूबाने परसातील ओली माती पाहिली आणि ओट्यावर सर्वांसमक्ष सांगितले, "डावा पाय ओढलाय. भुजंगरावाचा पाय हाय ह्यो." भुजंग हा माझा पुतण्या, घोड्यावरून पडल्यापासून तो डावा पाय ओढतो.

मंडळी हसली. भुजंग सर्वांहून मोठ्याने हसला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि मला सर्व समजले. कुलाची अब्रू नावाची एक वस्तू असते. ती राखण्यासाठी मीही हसलो.

कडूबा पायरीवरून उठला. मग म्हणाला, "मंग मीच चुकलो असंल. माझं कवा खरं निघालंय." त्याने सोनूबाईस घरात घेतले नाही. ती भावाकडे शहागडास गेली, आणि पुढच्या पावसाळ्यात तापाने तेथेच वारली. सतराव्या पुस्तकात कडूबाने कोणाचेच नाव घेतले नाही. तो शेवट छापला होता तसाच मी वाचला.

कलम चार. राहते घर व दुकान चिरंजीव भुजंग यास, पुढील अटीवर. त्याने त्याच ओट्यावर, अमावास्येच्या दुपारी, कडूबास पायरीवर नव्हे तर वर गादीवर बसवून, पहिल्या सोळा पुस्तकांचे शेवट जसे छापले आहेत तसे वाचावेत. त्यानंतर वरील कलम तीन वाचावे. अर्जनवीस फकरोद्दीन यांनी शेजारी बसून ओळीवर बोट ठेवावे. एक शब्द गाळल्यास घर श्रोतृमंडळीचे; तेथे सोनूबाईच्या नावाने वाचनालय काढावे. चिरंजीव, तुला घर प्रिय आहे हे मी जाणतो. आवाज खणखणीत ठेव.

कलम पाच. साक्षीदारास मालमत्ता देता येत नाही, असे वकील सांगतात. सबब या कागदावर साक्षीचा अंगठा देणाऱ्या कडूबास काहीही दिलेले नाही. त्याचे जे होते तेच परत जात आहे, आणि त्यातले निम्मे शहागडास जळाले.

फकरोद्दीन यांनी हा मजकूर स्वतः वाचला व चष्मा पुसून म्हणाले, "मच्छिंद्रराव, त्याला आज सांगा. हे बराबर न्हाई." बराबर नाही हे मलाही कळते. तोंडावर सांगण्याचे धैर्य माझ्यापाशी नाही; मेलेल्यास कोणी हातोडी मारीत नाही. कडूबास मी वाचून दाखविले ते भांडीकुंडी, कापडाची ठाणे आणि देवाचे दिवे यांविषयी होते. कागदाकडे पाहत, एकही शब्द न अडखळता.

मुक्काम अंबड, कार्तिक शुद्ध सप्तमी, शके १८६३; सरकारी गणनेने फसली सन १३५१.

सही: मच्छिंद्र पुंजाराम शेवाळे

साक्षीदार:
१. फकरोद्दीन वल्द लालमियाँ, अर्जनवीस. सही उर्दूत. (मजकूर वाचला.)
२. कडूबा कचरू, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. (मजकूर ऐकला. "मालकांनी वाचलं म्हंजी बराबरच असंल," असे म्हणाला.)