रंगावरच आवळलेला बोल्ट

बाबा, आज दुपारी सावली गावाहून एक गाडी दुकानात आली आणि त्या नाटकवाल्या जीपबद्दल तुमच्याशी बोलावंसं वाटलं. इतकी वर्षं मी ते टाळत आले. या गाडीचंही तसंच होतं. आवाज बारीक असेतो सगळं गोड, जरा वाढवला की ॲम्प्लिफायरवर लाल दिवा लागतो आणि गाणं मधेच गप्प. मालक म्हणाला, जळला असेल, नवाच टाका. मी नुसती हसले. मागची सीट उचलली आणि जरा वेळ डोळे मिटून बसले. शेजारच्या अंगणात मोहाची फुलं वाळत होती, त्यांचा वास गाडीत भरला होता, आणि तुम्ही बाजूला मीटर धरून बसला आहात असं वाटत राहिलं.

तुम्ही मीटर आधी बॅटरीवर लावता, मग ॲम्प्लिफायरवर, आणि तेही गाणं मोठ्याने चालू ठेवून. "निजलेल्या बैलाले लंगडा म्हनता येत नाई, चालवून पाहा लागते," असं म्हणता. बॅटरीवर बारा व्होल्ट आणि इथे नऊच, तर मधले तीन गेले कुठे? तुम्हाला कसली घाई नसते. वायरच्या मागे मागे जाता, फ्यूज बघता, जोड बघता, आणि शेवटी गाडीच्या पत्र्यात बसवलेला, वीज बॅटरीकडे परत नेणारा अर्थिंगचा बोल्ट.

त्या जीपचा तो बोल्ट मी आवळला होता, बाबा. तुम्ही बाकी सगळी वायरिंग करून जेवायला घरी गेला होता. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम तोंडावर आलेला, नाटक मंडळीची जीप नवीकोरी, तिच्यावरच्या कर्ण्यातून गावोगाव नाटकाचा पुकारा व्हायचा होता. रंगाला ओरखडा नको, असं मंडळीच्या मालकाने दोनदा बजावलं होतं. पत्रा घासून चकचकीत केल्याशिवाय अर्थिंग धरत नाही, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलेलं. तरी मी मालकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि रंगावरच बोल्ट आवळून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी सिंदेवाहीच्या भर बाजारात पुकारा बंद पडला. मालक दुकानासमोर चारचौघांत तुम्हाला नाही नाही ते बोलला. मी दाराशी उभी होते. तुम्ही बोल्ट उघडला आणि खालचा तसाच राहिलेला रंग बोटाने चाचपत बसलात.

"हा मी कवा बसवला, मले आठोतच नाई," तुम्ही म्हणालात. मी खालचा पाना उचलून फडक्याने पुसत राहिले. मग मीटर माझ्या हातात देऊन म्हणालात, "माया आता भरोसा नाई राह्यला, बाई. आजपासून तूच पाहात जाय."

त्यानंतर तुम्ही एकाही वायरला हात लावला नाही. तलावाच्या पाळीवर बसून जाळं टाकणाऱ्यांकडे बघायचात. आठवण जात चालली म्हणून घाबरायचात, साधी किल्ली सापडली नाही तरी गप्प व्हायचात. एका वाक्याने तुमची ती भीती गेली असती.

हा कागद घडी करून टूलबॉक्सच्या तळाशी ठेवते आहे. तुम्ही आज असतात तरी हातात दिला असता का, कोण जाणे. तुमच्या रागाला भ्याले म्हणून बोलले नाही, असं मी स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. तुम्ही मीटर दिलात तेव्हा मला आनंद झाला होता.