मिठागराचा बांध

बुधवार, ८ जानेवारी १९९७. संध्याकाळ.

आज माणिकपूरच्या नाक्यावर निखिलने गियरची सायकल माझ्यासमोर आडवी घातली. "मित्रा, उद्या मी आणि स्वाती सायकली घेऊन निघतोय. गाड्या नसलेला रस्ता सांग ना. ती म्हणाली, तुला सगळे माहीत आहेत."

मित्रा म्हणे. माहीत असणारच. तिच्यासोबत उमेळ्याच्या वाड्यांतून भटकता भटकता माझं कॉलेज सुटलं. आणि आता तिनेच याला माझ्याकडे पाठवलं?

म्हटलं, "मिठागराच्या बांधावरून जा. दुपारी निघ. रिक्षा सोड, कुत्रंही भेटणार नाही."

खोटं काय बोललो? फक्त उद्या अवस आहे आणि दुपारच्या भरतीला तो बांध गुडघाभर बुडतो, एवढं नाही सांगितलं. बरबटू दे ती गियरची सायकल. स्वातीही भिजेल. भिजू दे.

पण स्वातीला हे मी एकदा सांगितलं होतं, अवसेला बांधावर पानी चढतं म्हणून. माझ्या त्या 'पानी'ला ती कितीतरी वेळ हसत होती. नुसती हसली, की ऐकलंही?

ऐकलं असेल तर ती त्याला थांबवील. मी शिकवलेलंच वापरून त्याला वाचवील. तसं झालं, तर त्या सायकलची दोन्ही चाकं मी स्वतःच्या हाताने वाकडी करीन.