शवासनातले उघडे डोळे

भाग्याताई,

हे पत्र तुला पाठवायची हिंमत होणार नाही. तू नांदेडात सगळ्यांना सांगतेस, आमची चारू हैदराबादेत योग शिकवते, तिला कसली काळजी नाही. अगं, डोळे मिटले की माझ्या छातीत धडधडतं. बरकतपुऱ्याच्या वर्गात शवासनाला सगळ्यांना डोळे मिटायला लावते आणि स्वतः लक्ष ठेवल्यासारखी बसून राहते.

आज रफियाआपांनी मधेच डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठून बसल्या नि हळूच म्हणाल्या, "टीचर, आप बी लेट जाओ. मैं जागतूँ."

मी आडवी झाले. धडधड थांबली नाही. तरी त्यांनी हाक मारेपर्यंत डोळे उघडले नाहीत.

तू सांगतेस तेवढी शांत नसलेली,
चारू