पाटाखालची खूण

दवाखान्यातून घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रार्थनेला बसायचा माझा पाट उलटा केला, कारण तो डुगडुगत होता. खाली सुतारी पेन्सिलीने एक बाण आणि दोन रेघा काढलेल्या होत्या. ती माझ्या धाकट्या भावाची खूण. मीच त्याला शिकवलेली. खूण नेहमी गिऱ्हाइकाला दिसणार नाही तिथे करावी, हेही मीच सांगितले होते.

मग कपाट, बाक, टेबल, हत्यारांची पेटी, सगळे तपासले. सगळ्यांवर तीच खूण. मी अकरा दिवस शुद्धीत नव्हतो, तेवढ्यात घराची वाटणी उरकली होती.

म्हणून मी, धंद्याने सुतार, वय एकोणपन्नास, विधुर, मूलबाळ नाही, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. तीन वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे धाकट्यालाच दिले होते. वडील गेल्यावर त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले, दुसरे कोणाला देणार? त्याला हे ठाऊक नव्हते.

२. राहते घर, मागचा कारखाना आणि बँकेतील शिल्लक थोरल्या बहिणीला, अक्काला द्यावी. ती अकरा दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होती. तिची खूण मला घरात कुठेही सापडली नाही. अक्का, तो रडत येईल. तू लगेच विरघळतेस, म्हणून मुद्दाम लिहितो: घर देऊ नकोस.

३. पेटीवर खूण आहे, आतल्या पटाश्या, रंधे आणि करवतींवर नाही. म्हणून पेटी धाकट्याची. हत्यारे गल्लीच्या टोकाला असलेल्या सुतारशाळेला द्यावीत.

४. बाकी खुणांबद्दल मी त्याला विचारले होते.

"दादा, डॉक्टर म्हणाले होते दोनच दिवस. मागून भांडणं नकोत म्हणून केलं."

"तुझ्याशी भांडणार कोण होतं रे? अक्का?"

तो पाटावरून हात फिरवू लागला.

"बरं, पाट कशाला हवा होता? तू तर प्रार्थनेला कधी बसत नाहीस."

"सागवानी आहे, दादा."

मी पाट उचलून आत नेला.

सतरा दिवस देवाजवळ मागत होतो, मन मोठे कर. ते काही झाले नाही. शेवटी ठरवले, ज्यावर खूण आहे ते त्याला मिळावे, पण त्यासाठी त्याला माझ्या मरणाची वाट पाहायला लागू नये. आज सकाळी हातगाडी बोलावली आणि कपाट, बाक, टेबल, रिकामी पेटी व पाट त्याच्या दारात पोचते केले. पाटाचा पाय आधी नीट बसवून दिला.

मग घरी येऊन जमिनीवर बसलो आणि प्रार्थना केली. जमीन डुगडुगत नाही.

लिहून ठेवणार: सुतार (सही)
समक्ष साक्षीदार: समोरचा शिंपी (सही), हातगाडीवाला (अंगठा)
ठिकाण: कारखाना, टेबल नसल्याने खिडकीच्या कट्ट्यावर
दिनांक: पाट उलटा केल्यापासून अठरावा दिवस