नाटकातला पडलेला क

सर, तुमचं पोस्टर अखेर भिंतीवर लागलं. तेही कुठे, तर कॅल्गरीतल्या चांगल्या मोठ्या गॅलरीत, फ्रेम करून, अगदी मधल्या भिंतीवर! 'सर' म्हटलं की तुम्ही चिडायचात, "मी काय राणीने तलवार टेकवलेला सरदार आहे?" चिडा खुशाल. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, हे २०१७ साल आहे, आणि आज मी भलतीच खुशीत आहे.

तुमच्या मुलीने तुमची अख्खी कारकीर्द मांडली आहे. पोलंडमधली नाटकांची पोस्टरं, मुलांच्या पुस्तकांतले ते चिडके कोंबडे, इकडे आल्यावर पोटासाठी रंगवलेल्या बेकरीच्या पाट्या, तेल कंपनीची कॅलेंडरं आणि शेवटची ती बर्फाची मोठमोठी चित्रं. फक्त इथे केलेल्या पोस्टरांची भिंत रिकामी राहत होती. खांबांवर चिकटवलेली ती पोस्टरं वाऱ्याने आणि बर्फाने कधीच खाल्ली. तिने मला व्हॉट्सॲपवर विचारलं, "तुमच्याकडे एखादं असेल का?" मी सरळ फोनच लावला. म्हटलं, "एखादं? चाळीस आहेत!"

तुमच्या गॅरेजमधलं ते वर्कशॉप आठवतंय. मी नवऱ्यामागून आलेली, नोकरी नसलेली. तुम्ही मला शाई पुसायला ठेवलंत आणि अक्षरं काढायला शिकवलंत. तुम्ही ऊठसूट "नो" म्हणायचात, मी मुकाट्याने काम पुन्हा करायची. मराठी मंडळाच्या नाटकाचं पोस्टर मीच तुमच्या गळ्यात मारलं. तुम्हाला आमची शिरोरेषा भारी आवडली. "ही तर कपडे वाळत घालायची दोरी!" म्हणालात, आणि त्या दोरीवर चिमटे लावून 'नाटक' टांगलंत. मग ब्रश थांबतो, तुम्ही माझ्याकडे वळता. "शेवटचं अक्षर पाडू? बर्फात?" मी म्हणते, "पाडा!" आणि क खरंच खाली, बर्फात उताणा. मला हसू आवरत नाही. असलं काही मी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

मंडळाची मीटिंग अध्यक्षांच्या बेसमेंटमध्ये होती. त्यांनी गुंडाळी उलगडली. "अहो, हे नाटकाचं पोस्टर आहे की लाँड्रीचं?" सगळे खो खो हसले. मग एक काकू चष्मा सावरत पुढे वाकल्या. "अगंबाई, क पडलाय की! वर उरलं काय? नाट! शुभ कामाला कुणी नाट लावतं का?" झालं! त्याऐवजी गणपती आणि दोन मुखवटे काढून झेरॉक्स मारायच्या, असं ठरलं. क पाडायला सांगणारी मी तिथेच बसले होते, चिवडा खात. चाळीसच्या चाळीस प्रती उचलल्या आणि घरी आमच्या घर तापवणाऱ्या फर्नेसमागे ठेवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "मग? आवडलं?"

"सगळ्यांना फार आवडलं, सर."

"नो," तुम्ही ब्रश पुसत म्हणालात. एवढंच. पकडली गेले, असं धरून पुढची चार वर्षं मी तुमच्या नजरेला नजर दिली नाही. तुम्ही गेलात तेव्हाही तेच मनात होतं.

परवा उद्घाटनाला तोबा गर्दी होती. तुमच्या क समोर लोक थांबत होते, मराठीचं अक्षरही न कळणारे, आणि हसत होते. आमचे तेव्हाचे अध्यक्ष वॉकर ढकलत आले आणि नातीला सांगू लागले, "धिस इज अवर मंडळ्स पोस्टर! आय वॉज प्रेसिडेंट!" मी म्हटलं, "लाँड्रीचं ना?" तर म्हणाले, "अगं, तेव्हा आम्हाला काय कळत होतं!" मग नातीकडून पोस्टरशेजारी फोटो काढून घेतला. मी मनातल्या मनात नाचत होते, सर.

तिथेच तुमच्या मुलीला माझं ते खोटं सांगून टाकलं, तुमच्या "नो"सकट. ती हसतच सुटली. म्हणाली, "बाबा त्या दिवशी गॅरेजमधून घरात शीळ घालत आले होते. पोलिशमध्ये 'नो' म्हणजे 'हो ना', 'तर काय!'" अरे देवा! म्हणजे तुम्ही पास केलेली कामं मी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा करत बसले होते. आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला होता. हसता हसता मला रडूच फुटलं.

तेव्हाचं खोटं परवा खरं झालं, पण ते तुमच्यामुळे; माझी त्यात काही बहादुरी नाही. एकोणचाळीस प्रती तुमच्या मुलीला दिल्या. चाळिसावी माझ्या स्वयंपाकघरात लावली आहे, आणि मराठीतलं हे पत्र मी तिच्याच मागे खोचून ठेवणार आहे. सगळ्यांना आवडलं नव्हतं, सर. मला आवडलं होतं. तेवढं एक वाक्य मी त्या बेसमेंटमध्ये बोलायला हवं होतं.