पाइकची जाळी

६ मार्च
जाळ्यात बारा पाइक मासे! सगळे दांडक्याने मारले, खड्ड्यात पुरले. एकाने मरता मरता अंगठा फाडला. गार पाण्याने बोटं अशी आखडलीत की पेन्सिल धरवत नाही.

इश्बेल बोलत नाही. सख्खी बहीण, एका छपराखाली राहतो — पण दर वर्षी जाळी लागली की अबोला. ती हौसेने गळ टाकते, पाइक धरते, आकडा काढून परत पाण्यात सोडते. मी तेच मारतो. पगार त्याचाच आहे. मासेमारी मंडळाला तळ्यात ट्राउट मासे हवेत, आणि पाइक ट्राउट खातात.

९ मार्च
वारा. बर्फ. जाळी काढलीच नाहीत. पडून राहिलो.

११ मार्च
इश्बेल बोलली! चहा आपटत — "मारतोस ते मारतोस, पोट चिरून बघ तरी, काय खातात ते!"

बघितलं. मोठ्यांच्या पोटात पाइकचीच पिल्लं. ट्राउट एकच. म्हणजे मोठे मेले की ही पिल्लं वाचणार, आणि ट्राउट खायला मोकाट! तीस वर्षं मारतोय, कधी सुरी लावून बघितलं नाही. लाज वाटली.

मंडळाचे अध्यक्ष फार्कर धक्क्यावर भेटले. त्यांना सांगितलं. हसले. "रूरी, तुला जाळी ओढायला ठेवलंय. डोकं आम्ही चालवतो."

१६ मार्च
चार फुटांची मादी आली. पोट अंड्यांनी तटतटलेलं. दांडकं उचललं — हात वरच राहिला. दया आली म्हणावं, तर तसंही नाही. मारण्याचाच वीट आला होता.

जाळं कापलं. दोन्ही हातांनी तिला पाण्यात धरून ठेवलं, कल्ले नीट हलेपर्यंत. शेपटीचा एक फटकारा, तोंडभर पाणी — गेली.

मंडळाच्या वहीत लिहिलं : आज काही नाही.

१७ मार्च
इश्बेलला सांगितलं. वाटलं, खूश होईल. पाव कापता कापता म्हणाली, "एक सोडलीस. आणि बाकीच्या?"



२१ मार्च
मंडळाची सभा. उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं — मादी सोडली, वहीत खोटं लिहिलं, पोटांत काय सापडलं तेही. कुणीतरी ओरडलं, "बहिणीने पढवून पाठवलाय!" इश्बेल मागच्या बाकावरच होती. मान खाली.

फार्करांनी आवाजही चढवला नाही. "बोटीची किल्ली ठेव इथे. घर मंडळाचं आहे. महिनाअखेर रिकामं कर."

  तरी घरी येताना कुठेतरी हलकं वाटत होतं, खरंच.

२३ मार्च
उठलो तर इश्बेल घरात नाही. दुपारी आली. हात रक्ताने माखलेले, बाह्यांना खवले चिकटलेले. काल मला न सांगता फार्करांकडे गेली होती. माझी नोकरी स्वतःसाठी मागून घेतली.

"घर राहिलं," म्हणाली. मग बाह्यांवरचे खवले खरवडत — "नऊ मारले."

मी तिच्यासाठी पाणी तापवायला ठेवलं.